ढालीपुरता बर्फ

कुलदेवतेस नमन, आणि तिच्या खालोखाल थंडीस नमन, कारण त्या राज्यात अन्न देणारी तीच. ऐकणाऱ्या स्वामींचे सेवेसी, ज्याने आपले नाव सांगितले नाही अशा सेवकाची विनंती ऐसी जे, शके १९४५ शोभननाम संवत्सरी उत्तरेकडील डोंगराच्या एका घडीत वसलेल्या लहानशा राज्यात हिवाळा वेळेवर आला नाही, आणि त्यापायी थोरले सरकार हैबतराव व त्यांचे पेवदार सुभानजी या दोघा जिवलगांमध्ये जे घडले ते स्वामींनी पुसले, म्हणोन जैसे कानी आले तैसे लिहितो. राज्याचे नाव मात्र लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे लोक पाहावयास जातात, आणि बर्फ नसला म्हणजे लिहिणारास शिव्या देतात.

राज्य कैसे जाहले ते आधी सांगणे जरूर. सरकारांचे मूळपुरुष जिवाजीराव हे दख्खनचे. कोण्या जुन्या मोहिमेत फौजेबरोबर उत्तरेस गेले, फौज पुढे निघून गेली, आणि यांचा घोडा बर्फात पाय घसरून बसला तो उठेना. तेव्हा जिवाजीरावांनी पाठीवरची गेंड्याची ढाल काढून बर्फावर ठेविली, घटकाभर दम खावा म्हणोन तिजवर बसले, आणि ढाल जी सुटली ती डोंगराच्या तळाशी ओढ्याकाठी जाऊन थांबली. माणसांस वाटले, धनी गेले. रडत धावत खाली आली, तो धनी ओढ्याकाठी पोट धरून हसत बसले होते, आणि इतके मोकळे तो पुरुष घरी असता कधी हसला नव्हता. मग घोडा उठला, परंतु जिवाजीराव उठले नाहीत. ऐसे हसू जेथे येते ती जागा सोडून कोठे जावे म्हणोन तेथेच राहिले, आणि राज्य जाहले. राज्य ते केवढे तर एक उतार, एक नगारखाना, एक मुदपाकखाना, आणि पुढे काळ बदलला तेव्हा तेलाच्या यंत्रावर चालणारा एक दोरपाळणा, जो पाहुण्यांस बसवून डोंगरमाथ्यावर नेतो. पाहुणे पायांस लांब फळ्या बांधून घसरत खाली येतात, आणि त्यांच्या येण्याजाण्यावर राज्याची चूल पेटते. आणि मूळपुरुषाच्या स्मरणार्थ रिवाज असा की, जो कोणी तळास पोचेल त्याने एकदा मोकळेपणी हसावे. न हसेल तर तो उतरला असे धरीत नाहीत, त्यास पुन्हा वर पाठवितात.

लोक दख्खनचे, त्यांस बर्फाचे शहाणपण कोठून असणार? त्यांस ठाऊक दोनच गोष्टी, ज्वारीचे पेव आणि दह्याचे विरजण. पहिल्या वर्षी पहिला बर्फ पडला तो दुपारपावेतो पाणी होऊन वाहून गेला, तेव्हा दख्खनहून मागाहून आणविलेल्या जिवाजीरावांच्या कुटुंबाने म्हटले की, विरजण नाही तर लागणार कसे. मग वसंतात शेवटी जो बर्फ राहिला तो जमिनीत पेव खणून त्यात भरला, वर देवदाराचा भुसा हातभर दाबला, आणि पुढल्या हिवाळ्यात आभाळ भरून येताच तो जुना बर्फ काढून उतारावर पातळसा पसरला, आणि त्यावर नवा पडला तो धरला. त्या वर्षी थंडीच कडक होती म्हणोन धरला की विरजणाने धरला, हे कोणी पुसले नाही, आणि तेथपासून तोच रिवाज जाहला. जिवाजीराव आपला उतावळा स्वभाव जाणून होते, म्हणोन पेवाच्या दाराची किल्ली त्यांनी आपल्या घराण्यात न ठेविता पेवदाराच्या घराण्यात दिली, आणि शपथ घातली की सरकारांनी मागावे, हुकूम करू नये, आणि द्यावे न द्यावे ते पेवदाराने ठरवावे. सांप्रत ती किल्ली सुभानजीच्या कमरेस होती. रोज उन्हे आली की नगारा वाजे, आणि सुभानजी नगारखान्याच्या पायरीवर उभा राहून राज्यास वर्दी देई की, आकाश कैसे, वारा कोणीकडचा, उतारावर बर्फ किती, आणि सर्वांत शेवटी, पेव राखून आहे. हे शेवटले शब्द कानी पडले म्हणजे लोकांच्या जिवात जीव येई, आणि मग लोक कामास लागत.

हैबतराव आणि सुभानजी एका वयाचे. लहानपणी दोघे एकाच ढालीवर बसून उतरत, पुढे हैबतराव दोन्ही हात वर करून हसत आणि मागे सुभानजी त्यांची कंबर धरून डोळे गच्च मिटलेला. स्वभाव तेव्हापासून वेगळे. हैबतरावांस जे असेल ते आज पाहिजे, आणि सुभानजीस जे असेल ते उद्यास पाहिजे. सुभानजी मनाचा वाईट नव्हता, केवळ राखण्याची सवय हाडांत मुरली होती. ताटातला गोड घास शेवटी खाऊ म्हणोन बाजूस सारून ठेवी, तोवर पोट भरे, आणि घास तसाच राही. त्याचे कुटुंब सोनाबाई यावरून त्यास जन्मभर बोलत आली, परंतु बोलण्याचा उपयोग जाहला नाही.

असो. त्या वर्षी कार्तिक सरला, आकाश निर्मळ. लोक म्हणाले, अजून लवकर आहे. मार्गशीर्षात पश्चिमेकडून ढगांची फौज आली, शिखरावर तळ दिला, आणि राज्यात एकच गडबड उडाली. दोरपाळण्यास तेल घातले, फळ्यांस मेण लाविले, मुदपाकखान्यात रव्याची पोती फोडली, सुभानजीने खोरी धुऊन पेवाच्या दारी उभी केली, आणि ढग कोणास न पुसता पहाटेच तळ उठवून पूर्वेस निघून गेले. पौषात ऊन ऐसे पडले की दख्खनचे जुने लोक अंगणात पापड वाळवू लागले. उतारावर पिवळे गवत, मध्ये मध्ये खडक उघडे पडलेले, आणि त्यात गुरे चरू लागली. पाहुणे मोटारी भरभरून आले, फळ्या खांद्यावर घेऊन उभे राहिले, गवताकडे पाहिले, भजी खाल्ली, हातातल्या यंत्रात गाईंच्या तसबिरी काढिल्या, आणि हात हलवीत परत गेले. शेजारचे संस्थान थोर, त्यांजपाशी बर्फाच्या तोफा, ज्या पाणी पिऊन बर्फ ओकतात. सरकारांची कन्या मैनाताई कारभार पाहत असे, तिने वकील पाठवून एक तोफ उसनी आणविली. मोठा समारंभ जाहला, तोफेस हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, मानकरी पुढे उभे राहिले, आणि तोफ डागली. परंतु तोफेसही थंडी लागते, आणि ती उसनी मिळत नाही. तोफेतून पाणी आले ते पाणीच राहिले, मानकरी चिंब भिजले, आणि उतारावर चिखल होऊन एक गाय त्यात फसली ती काढता काढता दिवस गेला. लोक हसले, परंतु ते हसणे रिवाजातले नव्हते. आणि सुभानजी सकाळी पायरीवर उभा राहून म्हणे, 'आकाश निर्मळ. वारा नाही. उतारावर बर्फ नाही. पेव राखून आहे.'

त्याच पौषात थोरले सरकार अंथरुणास खिळले. वैद्यांनी मैनाताईस बाजूस नेऊन सांगितले की होळी पाहतील असे दिसत नाही. हैबतरावांस हे कोणी कळविले नाही, तरी ते उमजले, कारण घरची माणसे एकाएकी त्यांचे सगळे बोलणे मन लावून ऐकू लागली होती. मग त्यांनी पलंग खिडकीशी ओढविला, जेथून सारा उतार दिसे, आणि सुभानजीस बोलाविणे पाठविले. भिंतीवर मूळपुरुषाची ढाल टांगलेली होती. सुभानजी आला, मुजरा करून उभा राहिला, तेव्हा सरकार म्हणाले, 'सुभान्या, पेव उघड. सगळ्या उताराला नको. माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक पट्टा घाल, ढालीपुरता. चौघांनी मला वर न्यावं आणि एकदा खाली येऊ द्यावं. एवढंच मागतो.' सुभानजीने कमरेची किल्ली चाचपली, आणि म्हणाला, 'सरकार, दार एकदा उघडलं की आत वारा शिरतो. ढालीपुरता काढला तरी उरलेला टिकायचा नाही. आणि उद्या आभाळ भरून आलं तर विरजणाला काय घालू?' सरकार म्हणाले, 'आणि नाही आलं तर?' सुभानजी म्हणाला, 'येतंय, सरकार. काल चंद्राला खळं होतं. चार दिवस थांबा.' मैनाताई उशाशी बसली होती, तिने सांगून पाहिले की यंदा एकही पाहुणा न आला तरी राज्य काही बुडत नाही, मीठभाकर खाऊन राहू, परंतु बाबांचे मागणे पुरे करा. सुभानजीने तिजपुढे हात जोडिले, परंतु किल्ली काढिली नाही. हैबतरावांनी त्याजकडे पाहिले, आणि रागावले नाहीत, आणि इतकेच म्हणाले, 'बरं. तुझं खरं.' आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढिला नाही. रागावले असते तर बरे होते, कारण रागास उत्तर देता येते.

सुभानजी घरी आला तो सोनाबाईस हे आधीच कळले होते. तिने पाट मांडला नाही, पाणी दिले नाही, चुलीकडे तोंड करून म्हणाली, 'अहो, धन्यानं काय राज्य मागितलं का? बर्फच मागितला.' सुभानजीने तिला समजाविले की ही आपल्या घरची वस्तू नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ठेव आहे, आणि आज मन मोडवत नाही म्हणोन दिली तर उद्या सारा उतार उघडा पडेल आणि लोक आपल्या घराण्याचे नाव घेऊन रडतील. तो बोलला ते खोटे नव्हते. याचेच तर वाईट वाटते. लबाड माणसाने नाही म्हटले असते तर बखरीत दोन ओळींत आटोपले असते.

तेथून पुढे सुभानजी वर्दी देऊन जाहली की रोज सरकारांपाशी जाऊन बसे. सरकार पुसत, आज काय, आणि तो म्हणे, वारा फिरतोय, चार दिवस थांबा. कधी कावळे खाली उतरले म्हणोन चार दिवस, कधी मुंग्यांनी बिळे लिंपली म्हणोन चार दिवस. एके दिवशी हैबतराव हसून म्हणाले, 'थांबायला माझी ना नाही, सुभान्या. पण तुझे चार दिवस संपतात कधी ते तरी सांग.' सुभानजी मुजरा करून खाली आला. त्या दुपारी, माघ अर्धा जाहला होता, त्याचे मन फिरले. कोणास न सांगता पेवाकडे गेला, वरचा भुसा बाजूस करून दारावर हात ठेविला, दार गार लागले, आणि त्याने कमरेची किल्ली काढून कुलपात घातली. नुसती फिरवावयाची राहिली. इतक्यात पश्चिमेस पाहतो तो काळाभोर ढग वर येत होता, खालून जांभळा, जैसा बर्फाचा ढग असावा तैसा. सुभानजीने मनात म्हटले, आता आज दार उघडणे म्हणजे मूर्खपणा, उद्या सकाळी सारा उतारच पांढरा होईल, मग सरकारांस ढालीपुरता कशास, हवा तितका घसरू देऊ. त्याने किल्ली काढून घेतली, भुसा पुन्हा नीट सारखा केला, आणि बहुत दिवसांनी हलक्या मनाने घरी गेला. ढग आला, अंगणात चार थेंब पाण्याचे टाकिले, आणि गेला.

दुसरे दिवशी ऊन लख्ख पडले होते. नगारा वाजला, सुभानजी पायरीवर उभा राहिला, आकाश निर्मळ म्हणाला, वारा नाही म्हणाला, उतारावर बर्फ नाही म्हणाला, पेव राखून आहे म्हणाला, आणि त्याच वेळी मैनाताई सज्जात आली आणि तिने हात वर करून नगारा बंद ठेवावयाची खूण केली. थोरले सरकार खिडकीकडे तोंड करूनच गेले होते. समोर पिवळा उतार होता आणि त्यावर गुरे चरत होती.

मग सुभानजीने जे केले ते सर्व लोकांनी पाहिले. तो पायरीवरून उतरला, सरळ पेवाकडे गेला, कुलूप उघडून दूर भिरकावून दिले, आणि खोरे घेऊन बर्फ उपसू लागला. मैनाताईने माणसे पाठविली, त्यांनी पाट्या भरभरून वर नेल्या. बर्फ जुना, जाड साखरेसारखा दाणेदार, आणि कोठेही डाग नाही, इतका चांगला राखलेला. माथ्यापासून ओढ्यापर्यंत, कारण राज्याचे स्मशान ओढ्याकाठीच आहे, एक पट्टा घातला, आणि सुभानजीने तो दोन वेळा हाताने सारखा केला. मग मूळपुरुषाची ढाल भिंतीवरून काढिली, तिरडीखाली घट्ट बांधिली, आणि सरकारांस दोरपाळण्याने वर नेले. उतरताना तिरडी भलतीकडे जाऊ नये म्हणोन दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर धरिले, आणि पाऊल पाऊल उतरू लागले. अर्धा उतार जाहला तेव्हा सुभानजी म्हणाला, 'दोर सोडा. आता कशाला धरून ठेवता.' माणसांनी मैनाताईकडे पाहिले, तिने मान हलविली, आणि दोर सुटले. ढाल जी निघाली ती सरळ, उन्हात चमकत, कोठेही न अडखळता ओढ्याकाठी जाऊन थांबली, जेथे मूळपुरुषाची थांबली होती. मागून लोक धावत आले आणि भोवती उभे राहिले. मेलेला माणूस हसत नाही हे सर्वांस ठाऊक होते, तरी जन्माची सवय, सगळे कान देऊन उभे राहिले. ओढ्याचे पाणी तेवढे वाजत होते. शेवटी सुभानजी खाली बसला, ढालीच्या कडेचा बर्फ हाताने पुसला, आणि म्हणाला, 'सरकार, पोचलात.' रिवाजाप्रमाणे ते उतरले असे धरिता येत नव्हते, आणि पुन्हा वर पाठविताही येत नव्हते. लोक रडले, सुभानजी रडला नाही, कारण त्यास अजून ते हसणे ऐकू येईल असे वाटत होते.

तेरावा आटोपला. पट्टा उन्हाने केव्हाच वितळून गेला होता, पेव रिकामे, उतार उघडा. आणि फाल्गुन लागला तेव्हा, कोणाच्या ध्यानीमनी नसता, खळे नाही, कावळे नाहीत, मुंग्या नाहीत, आकाश भरून आले आणि बर्फ पडू लागला. एक दिवस पडला, दुसरे दिवशी पडला, आणि मग ऊन आले. लोक हळहळले की, एवढा पडून काय उपयोग, खाली विरजण नाही, दुपारपावेतो वाहून जाईल. सुभानजी सकाळीच उतारावर जाऊन उभा राहिला. वरचा बर्फ उकरून खालच्या मातीस हात लावी आणि पाही, आणि पुन्हा चार पावले वर जाऊन तेथे हात लावी. ज्या माणसाने जन्मभर बर्फ राहावा म्हणोन नवस केले, तो त्या दिवशी बर्फ वाहून जावा म्हणोन वाट पाहत होता. वाहून गेला असता तर निदान आपण राखले ते कामाचे होते, इतके त्यास म्हणता आले असते. दुपार जाहली, ऊन तापले, ऊन कलले, आणि बर्फ जागचा हालला नाही. उघड्या मातीवर, दगडांवर, गुरांच्या वाळलेल्या शेणावर, जेथे पडला तेथे घट्ट धरून बसला. त्यास विरजण नको होते. बहुधा कधीच नको होते. सोनाबाई पदर डोक्यावर घेऊन वर गेली आणि नवऱ्यास हात धरून खाली घेऊन आली, आणि त्या दिवशी ती त्यास काही बोलली नाही.

दुसरे दिवशी नगारा वाजला. पाहुण्यांच्या मोटारी रस्त्यावर लागल्या होत्या, दोरपाळणा सुरू जाहला होता, मुदपाकखान्यातून शिऱ्याचा वास येत होता, आणि सगळे राज्य वर्दी ऐकावयास जमले. सुभानजी पायरीवर उभा राहिला. म्हणाला, 'आकाश निवळलं आहे. वारा उत्तरेचा. उतारावर बर्फ गुडघाभर, विरजणावाचून धरलेला.' लोक शेवटल्या शब्दांची वाट पाहत राहिले. सुभानजीने सज्जात उभ्या असलेल्या मैनाताईकडे पाहिले, आणि त्याच आवाजात, जैसे हवेचे सांगावे तैसे, म्हणाला, 'पेव रिकामं आहे. सरकारांनी मागितलं तेव्हा भरलेलं होतं.' आणि पायरी उतरून गर्दीतून घरी निघून गेला.

येणेप्रमाणे त्या वर्षीचा हिवाळा जाहला. पुढे मैनाताई सरकार जाहल्या, त्यांनी सुभानजीस दूर केले नाही, आणि वसंतात पेवही पुन्हा भरविले, कारण रिवाज चुकीचा निघाला तरी मोडवत नाही. परंतु दारास कुलूप घातले नाही, आणि वर्दीचे शेवटले शब्द बदलले. आता सुभानजी म्हणतो की, पेव भरलेले आहे, ज्यास हवे त्याने मागावे. लोक मागतात, तो देतो, आणि मग ओढ्याकाठी जाऊन उभा राहतो आणि उतरणाऱ्या एकेकाचे हसणे कान देऊन ऐकतो. ताटातला गोड घासही तो आता पहिल्याने खातो, आणि सोनाबाई सांगते की, खातो खरा, परंतु त्यास गोड लागत नाही. हकीकत इतकीच. लिहिण्यात चुकले असेल ते स्वामींनी पोटात घालावे.